शाळेच्या वेळी दुखणारे पोट

सकाळची वेळ म्हणजे घरात कामाची घाई. धारा काढून झालेल्या असतात, तव्यावर भाकरी असते, घरधनी शेताकडे निघालेले असतात आणि नेमके त्याच वेळी दप्तर भरून तयार असलेले मूल पोट धरून भिंतीला टेकून बसते. "आई, पोट दुखतंय." कालही दुखले होते, परवाही दुखले होते. ओवा चघळायला देऊन होतो, पोटाला तेल चोळून होते, एखादे वेळी दृष्टही काढून होते. शाळेची वेळ टळली की तासाभरात दुखणे थांबते आणि तेच मूल वासरामागे उड्या मारू लागते. मग घरातील कोणीतरी म्हणतेच, "सगळी नाटकं आहेत. दोन ठेवून दिल्या की पोट बरं होईल."

2018 च्या पावसाळ्यात कापूस पिकविणाऱ्या एका गावात परसबागेच्या प्रशिक्षणासाठी गेले असता कार्यक्रम संपल्यावर एक भगिनी मागे थांबल्या. त्यांचा मुलगा गावातील चौथी संपवून पाचवीसाठी बसने मोठ्या गावच्या शाळेत जाऊ लागला होता. शाळा उघडल्यापासून आठवड्यातून तीन-चार दिवस त्याचे पोट दुखत होते. दोन दवाखाने झाले होते, रक्त-लघवी तपासली होती, सोनोग्राफीही झाली होती. पिशवीतून त्यांनी कागदांची जाड फाईल काढली. आदल्या वर्षी गुलाबी बोंडअळीने कापूस गेलेल्या घराला हा खर्च थोडा नव्हता. त्या म्हणाल्या, "डॉक्टर म्हणतात काही नाही. पोरगं म्हणतं दुखतंय. ताई, खोटं कोण बोलतंय तेवढं सांगा."

खोटे कोणीच बोलत नव्हते. हा लेख त्या भगिनींच्या प्रश्नासाठीच लिहिला आहे, कारण हा प्रश्न त्या एकट्यांचा नाही. 1958 साली जॉन ॲप्ली या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यासह शाळेत जाणाऱ्या एक हजार मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दहातील साधारण एका मुलाला रोजच्या व्यवहारात अडथळा यावा एवढी पोटदुखी वारंवार होत असल्याचे त्यांना आढळले. अशा मुलांपैकी बहुतेकांत शरीराचा आजार सापडत नाही. काही मुलांचे पोट दुखते, काहींचे डोके. कोणाला मळमळते, चक्कर येते, छातीत धडधडते, तर कोणाला सारखे लघवीला जावेसे वाटते.

दुखणे खरे कसे?

आपण जनावरे सांभाळता, त्यामुळे ही गोष्ट समजायला अवघड जाऊ नये. धार काढताना गोठ्यात अनोळखी माणूस आला, कुत्रे भुंकले किंवा कोणी काठी उगारली तर गाय पान्हा चोरते. कास निरोगी असते, कासेत दूध असते, तरी ते उतरत नाही. भीतीमुळे गाईच्या रक्तात ॲड्रेनलिन नावाचे संप्रेरक मिसळते आणि ते पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकाचे काम अडविते. बुजलेला बैल जागच्या जागी पातळ शेण टाकतो तोही भीतीनेच. अशा वेळी गाय नाटक करते असे आपण म्हणत नाही आणि कासेला औषधही चोळीत बसत नाही. आधी कुत्र्याला हाकलतो.

मुलाचे शरीरही असेच वागते. मेंदूला धोका वाटला, मग तो धोका वाघाचा असो की गणिताच्या तासाचा, मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथींतून ॲड्रेनलिन सुटते. हृदय जोरात धडधडू लागते. पळण्यासाठी किंवा झुंजण्यासाठी हातापायांच्या स्नायूंकडे जास्त रक्त जाते आणि जठर व आतड्यांकडचे रक्त कमी होते. जठराचे काम मंदावते, त्यामुळे मळमळते. मोठ्या आतड्याची हालचाल मात्र वाढते, म्हणून कळ येते व शौचाला जावेसे वाटते. मान व डोक्याचे स्नायू आखडले की डोके दुखते. श्वास उथळ व भरभर चालू राहिला की चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. आपल्या भाषेने हे फार पूर्वीच ओळखले आहे. पोटात गोळा येतो, पोटात बाकबुक होते, घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात असे आपण म्हणतो ते काही केवळ बोलण्यापुरते नसते.

असे रोज घडू लागले की आतड्यांतील मज्जातंतू हळवे होतात. एरवी लक्षातही आला नसता एवढा वात किंवा आतड्याची नेहमीची हालचाल कळ म्हणून जाणवू लागते. काही वेळा सुरुवात खऱ्या हगवणीने होते. हगवण बरी होते, पण हा हळवेपणा मागे राहतो. त्यात मूल पोटाकडे लक्ष देऊन बसते, "आज दुखेल का?" याचीच धास्ती घेते आणि त्या धास्तीने पुन्हा दुखते. मुलाला ही कळ मुद्दाम आणता येत नाही, तशीच मुद्दाम थांबविताही येत नाही. त्यामुळे मारून ती थांबत नाही. माराची भीती तेवढी तिच्यात मिसळते.

आधी शरीराची खात्री करावी

तथापि, मूल शाळेच्या वेळीच कुरकुरते म्हणून "मनाचे आहे" असे घरच्या घरी ठरवू नये. एकदा डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्यावी. मनावर ताण असलेल्या मुलालाही जंत होतात, लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ होते. बद्धकोष्ठ हे पोटदुखीचे फार नेहमीचे आणि फार दुर्लक्षिलेले कारण आहे. सकाळच्या घाईत मूल शौचाला बसत नाही, शाळेत जाण्याची सोय नसते, असे दिवसामागून दिवस जातात. जंताची गोळी 2015 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय जंतनाशक दिनाच्या निमित्ताने शाळेत व अंगणवाडीत मोफत मिळते, ती चुकवू नये. डोके दुखत असेल तर डोळे तपासावेत. फळ्यावरचे दिसत नाही हे मुलाला स्वतःला कळत नाही. विदर्भात व सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची तपासणी अवश्य करावी, कारण त्या आजारात पोट आणि सांधे वरचेवर दुखतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते तेव्हाही ही तक्रार सांगता येते.

ॲप्ली यांनी एक साधी खूण सांगितली होती, ती आजही डॉक्टर लक्षात ठेवतात. मूल बेंबीपासून जितके दूर बोट दाखवील तितकी शरीराच्या आजाराची शक्यता जास्त. ताणाची पोटदुखी बहुधा बेंबीभोवती असते आणि मूल एका बोटाने जागा दाखवीत नाही, पंजा फिरवते. दुखणे एका बाजूला, विशेषतः उजवीकडे खाली असेल, मूल दुखण्याने झोपेतून उठत असेल, वजन घटत असेल, ताप राहत असेल, शौचातून रक्त जात असेल, उलटी हिरवी किंवा सारखी होत असेल, लघवीला जळजळ असेल, डोळे पिवळे दिसत असतील, फार तहान व फार लघवी होत असेल, तर थांबू नये. डोकेदुखीबरोबर पहाटे उलट्या होणे, तोल जाणे किंवा दोन-दोन दिसणे हेही असेच गंभीर समजावे. उजवीकडे खाली दुखत असताना "बेंबी सरकली" म्हणून पोट रगडून घेऊ नये. अपेंडिक्स सुजलेले असेल तर ते फुटण्याचा धोका असतो.

शेतकरी कुटुंबाने आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. फवारणीच्या दिवसांत पोटात कळा, उलट्या, तोंडाला लाळ, अंगाला घाम आणि डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या बारीक झाल्या तर विषबाधेची शंका घेऊन मुलाला औषधाच्या डब्यासह ताबडतोब रुग्णालयात न्यावे. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेले मूल रात्री किंवा पहाटे पोटदुखीने उठले, पापण्या मिटू लागल्या, गिळता येईना, बोलणे जड झाले तर मण्यार चावली असावी. तिच्या चाव्याची खूण पुष्कळदा दिसत नाही आणि तेथे सूजही येत नाही. अशा मुलाला मांत्रिकाकडे नेण्यात गेलेला वेळ भरून निघत नाही. तिसरी गोष्ट मुलग्यांची. पोटात खाली अचानक जोराची कळ व मळमळ आली तर वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. मुलगे लाजेपोटी नेमकी जागा सांगत नाहीत. काही तासांत शस्त्रक्रिया व्हावी लागते, म्हणून वडिलांनी स्पष्ट विचारावे.

तपासणीत काही निघाले नाही तर मात्र तेथे थांबावे. दवाखाने बदलत राहिल्याने मुलाची अशी समजूत होते की, आपल्याला काहीतरी मोठा आजार आहे आणि तो कोणालाच सापडत नाही. वर सांगितलेल्या मुलाच्या सोनोग्राफीत आतड्याजवळ लहान गाठी दिसल्या होत्या व घरात रडारड झाली होती. निरोगी मुलांतही अशा लहान गाठी पुष्कळदा दिसतात. ताप नसेल, वजन घटत नसेल, तर त्या बहुधा काळजीच्या नसतात. त्याबाबत डॉक्टरांनाच विचारावे, शेजाऱ्यांना नव्हे. दुकानातून आणलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या वरचेवर देऊ नयेत. त्यांतील काहींनी जठराला इजा होते. सलाईन लावून घेण्याचा आग्रह तर धरूच नये.

दोन आठवड्यांची वही

दूध डेअरीला घालताना आपण फॅट लिहून ठेवतो, पाणी दिल्याची तारीख लिहितो. तशीच एक वही मुलाच्या दुखण्याची करावी. कोणत्या वारी, किती वाजता दुखले, आधी काय खाल्ले होते, शौचाला झाली होती का, त्या दिवशी शाळेत काय होते, घरात काय घडले होते आणि दुखणे कशाने, किती वेळात थांबले एवढेच लिहावे. ही नोंद मुलासमोर करू नये, नाहीतर तेही पोटाची चौकशी करीत बसेल. दोन आठवड्यांत बहुधा काहीतरी दिसू लागते. एका घरी फक्त मंगळवारी आणि शुक्रवारी दुखत होते. त्या दिवशी मुलांना उभे करून इंग्रजीचे वाचन घेतले जात असे.

कारण मात्र "तुला काय झालंय?" असे समोर बसवून विचारल्याने कळत नाही. मूल "काही नाही" म्हणते. शेंगा फोडताना, भाजी निवडताना, बैलगाडीत शेजारी बसले असताना, म्हणजे हात कामात आणि नजर दुसरीकडे असताना मुले बोलतात. "शाळेत त्रास होतो का?" यापेक्षा "बसमध्ये तुझ्या शेजारी कोण बसतं?", "मधल्या सुट्टीत डबा कुठं खातोस?" असे विचारावे. उत्तर आले की लगेच उपदेश करू नये. "एवढंच ना, त्यात काय घाबरायचं?" हे वाक्य तर आपण सगळेच म्हणतो. मीही माझ्या मुलीला म्हटले आहे, आणि त्यानंतर तिने महिनाभर मला शाळेतले काही सांगितले नाही.

कारणे बहुधा आपल्याला वाटतात तेवढी मोठी नसतात, पण मुलाच्या उंचीवरून पाहिली की मोठी दिसतात. बसमध्ये मोठी मुले जागेवरून उठवतात. नावावरून, जातीवरून, अंगावरच्या कपड्यांवरून चिडवतात. वाचताना अक्षरे ओळखू येत नाहीत आणि वर्ग हसतो. अशा मुलाला वाचन-अक्षमता असू शकते व त्याचा हुशारीशी संबंध नसतो. शिष्यवृत्ती, नवोदय अशा परीक्षांसाठी घरून तगादा असतो. मुलींच्या बाबतीत शाळेतील स्वच्छतागृह हे फार मोठे कारण आहे. तेथे पाणी नसते, कडी नसते. म्हणून मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, लघवी धरून ठेवतात. मग लघवीचा जंतुसंसर्ग होतो, बद्धकोष्ठ होते आणि पोट खरोखरच बिघडते. पाळी सुरू होण्याच्या वयात डाग पडण्याची धास्ती त्यात मिसळते. आईने हे आपणहून बोलावे, मुलगी बोलेल याची वाट पाहू नये.

एखाद्या ठराविक माणसाचे नाव निघताच मूल गप्प होत असेल, त्याच्याकडे जायचे म्हटले की पोट दुखत असेल, तर कोणी मुलाला नको तेथे हात लावतो की काय, ही शंका मनात आणावी. नातेवाईक असला तरी आणावी. मुलाला दोष देऊ नये. 1098 या क्रमांकावर मुलांसाठी मदत मिळते.

सकाळचा अर्धा तास

मुलाशी प्रथम एवढे बोलावे: "तुझं पोट खरंच दुखतं, मला माहीत आहे. डॉक्टरांनी नीट पाहिलंय, आत आजार नाही. काळजी वाटली की पोट असं दुखतं. थोड्या वेळात कमी होईल. चल, आपण निघू." यातील पहिले वाक्य गाळले तर शेवटच्याचा उपयोग होत नाही. आणि शेवटचे गाळले तर मूल घरी राहते, दुखणे थांबते आणि घरी राहिल्याने पोट बरे होते हा धडा शरीर पक्का शिकते. दुसऱ्या दिवशी ते आणखी लवकर दुखते. शाळा जितके दिवस बुडते तितके पुन्हा जाणे अवघड होते, कारण आता अभ्यासही मागे पडलेला असतो आणि "कुठं होतास?" या प्रश्नाची भीती वाढलेली असते.

मुलाला अर्धा तास लवकर उठवावे, म्हणजे शौचाला बसायला घाई होणार नाही. त्यासाठी झोप लवकर हवी. 6 ते 12 वर्षांच्या मुलाला रात्री 9 ते 12 तास झोप लागते. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहणाऱ्या मुलाचे डोके सकाळी दुखले तर त्यात नवल नाही. उपाशी पाठवू नये. दूध-भाकरी, उपमा, केळे असे हलके काही द्यावे. दप्तर, कपडे रात्रीच काढून ठेवावेत. सकाळी "आज दुखतंय का?" असे आपण होऊन विचारू नये. मूल म्हणालेच तर ऐकून घ्यावे, पाठीवरून हात फिरवावा आणि तयारी चालू ठेवावी.

ताणाच्या दुखण्यावर श्वासाचा एक साधा उपाय फार उपयोगी पडतो. मुलाला पाठीवर झोपवून बेंबीवर हलकी वाटी ठेवावी. नाकाने तीन अंक मोजेपर्यंत श्वास घ्यावा, वाटी वर आली पाहिजे. पाच अंक मोजेपर्यंत सावकाश सोडावा, वाटी खाली गेली पाहिजे. असे पाच मिनिटे, दिवसातून दोनदा करावे. सावकाश सोडलेल्या श्वासाने हृदयाची धडधड उतरते व आतड्याचा ताठरपणा कमी होतो. मात्र याचा सराव पोट दुखत नसताना करावा. भर पुरात कोणी पोहायला शिकत नाही. सवय झाली की मूल बसमध्ये बसूनही, कोणाच्या लक्षात न येता, हे करू शकते.

दुखणे खरोखर जास्त असेल व मूल घरी राहिलेच तर रागवू नये. पण तो दिवस सुट्टीचाही करू नये. अंथरुणावर पडून राहावे, टीव्ही-मोबाइल नाही, दुकानातला खाऊ नाही, बरे वाटले की पुस्तक. मधल्या सुट्टीपर्यंत दुखणे थांबले तर उरलेल्या तासांना नेऊन सोडावे. पुष्कळ दिवस शाळा बुडली असेल तर पहिल्या दिवशी दोन तास, मग मधल्या सुट्टीपर्यंत, मग पूर्ण दिवस असे टप्पे गुरुजींशी बोलून ठरवावेत. पोट दुखत असतानाही गेलेल्या दिवशी त्याचे कौतुक करावे. "आज दुखलं तरी गेलास" एवढे पुरते, बक्षिसे लागत नाहीत. एकाने दरडावायचे आणि दुसऱ्याने पदराआड घ्यायचे असे चालले तर मात्र यातील काहीच लागू पडत नाही. आजी-आजोबांनाही आधी विश्वासात घ्यावे.

शाळेत जाऊन वर्गशिक्षकांना भेटावे, चिठ्ठी पाठवू नये. मुलाला दुखू लागल्यास पाच मिनिटे बाहेर बसून, पाणी पिऊन पुन्हा वर्गात येऊ द्यावे, एवढी विनंती करावी. बहुतेक शिक्षक ऐकतात. मार किंवा सर्वांसमोर अपमान हे कारण असेल तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ या दोन्हींना बंदी घातली आहे, हे माहीत असू द्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत पालकच बहुसंख्य असतात. तेथे स्वच्छतागृहाच्या पाण्याचा विषयही मांडता येतो.

महिना-दीड महिना असे करूनही फरक पडला नाही, मूल खेळेनासे, जेवेनासे झाले, किंवा "मी नसतो तर बरं झालं असतं" असे काही बोलले, तर वाट पाहू नये. जिल्हा रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ व समुपदेशक असतात. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून, मोफत व चोवीस तास बोलता येते. मनाच्या डॉक्टरकडे नेले म्हणजे मूल वेडे ठरत नाही.

घरातील मोठ्यांचा ताण

आपण समजतो की मुलांना व्यवहारातले काही कळत नाही. प्रत्यक्षात माळवदावर झोपलेले मूल खालचे सगळे ऐकत असते. सोसायटीची नोटीस, बहिणीच्या लग्नाचा खर्च, बोअर कोरडी गेलेली, रात्री आई-बापांत झालेली खडाजंगी, हे त्याला तुकड्या-तुकड्याने कळते आणि उरलेले ते आपल्या मनाने भरते. मनाने भरलेले नेहमीच खऱ्यापेक्षा भयंकर असते.

त्या फाईलवाल्या भगिनींच्या घरी नंतर दोनदा जाणे झाले. दुसऱ्या वेळी मुलगा ओसरीवर होता. त्याच्याशी पोटाविषयी काहीच बोलले नाही. मुगाच्या शेंगा सोलता सोलता बसची, रस्त्याची, शेताची चौकशी केली. सुट्टीच्या दिवशी काय करतोस विचारले, तर म्हणाला, "बाबांसंगं शेतात जातो." आणि मग शेंगांकडे पाहतच म्हणाला, "शाळेच्या दिवशी ते एकटेच असतात."

आदल्या हिवाळ्यात त्याच गावात, त्याच आळीतील एका शेतकऱ्याने आत्महत्या केली होती. मुलाने पारावरचे बोलणे ऐकले होते. आपले वडील रात्री जागे असतात, जेवताना ताट अर्धे ठेवून उठतात, हे तो पाहत होता. शाळा गावातच होती तोवर मधल्या सुट्टीत धावत येऊन तो घरी डोकावून जात असे. पाचवीपासून ते बंद झाले. पोट तेव्हापासून दुखू लागले. घरी राहिला की तो ओट्याच्या कडेला आडवा होई. तेथून शेताची वाट दिसते.

हे वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर त्यांनी जे केले ते येथे मुद्दाम नोंदवीत आहे. माजघरात फळीवर असलेले फवारणीचे औषध त्यांनी शेतातील पेटीत कुलूप लावून ठेवले व किल्ली भावाकडे दिली. (प्रत्येक घरात औषध असेच कुलपात असावे, ज्या घरात कोणी खचलेले आहे तेथे तर किल्लीही दुसऱ्याकडे असावी.) ते स्वतः जिल्हा रुग्णालयात जाऊन आले. झोप न लागणे व जेवण न जाणे हा त्यांचाही आजारच होता आणि त्यावर औषधे सुरू झाली. आणि एका संध्याकाळी मुलाला जवळ बसवून त्यांनी देण्याचा आकडा सरळ सांगितला. "हे फेडायचं काम माझं आणि काकाचं. तुझं काम शाळा. मी रोज संध्याकाळी बसथांब्यावर येईन." आकडा मुलाच्या मनातल्या आकड्यापेक्षा बराच लहान निघाला.

ते रोज थांब्यावर जात राहिले. पहिल्या आठवड्यात मुलगा दोन दिवस घरी राहिला, पुढच्या आठवड्यात एक दिवस. दिवाळीनंतर शाळा बुडणे थांबले, पोटदुखी मात्र लगेच थांबली नाही. वार्षिक परीक्षेच्या पहिल्या दिवशी सकाळी ते पुन्हा दुखलेच. ओट्यावर पाच मिनिटे आडवा होऊन, वाटी न ठेवताच त्याने श्वास घेतले आणि साडेनऊची बस गाठली.